चार खोल्या, एक मीटर: स्वस्त भाड्याच्या घरात वाद कुठून सुरू होतात आणि ते कसे मिटवायचे

प्रश्न थोडक्यात असा: जळगावात एमआयडीसीच्या बाजूला घरामागे चार खोल्या काढल्या आहेत. दोन खोल्यांत कामगारांची बिऱ्हाडं, एकीत तीन विद्यार्थी, एक सध्या रिकामी. भाडं साडेतीन ते साडेचार हजार. लेखी करार कुणाशीच नाही, कारण वडील म्हणतात, "कागद केला की माणूस डोक्यावर बसतो." दर उन्हाळ्यात लाइट बिलावरून आणि खोली सोडताना डिपॉझिटवरून तोंडातोंडी होते. आपलंही नुकसान नको आणि भाडेकरूलाही लुबाडल्यासारखं वाटू नये, तर नेमकी पद्धत काय ठेवावी?

तुम्ही सांगितलेल्या एकाही भांडणात भाड्याचा आकडा आलेला नाही, हे लक्षात घ्या. चार हजार म्हणजे चार हजार, दोघांनी मान्य केलेले. वाद पेटतो तो आधी न बोललेल्या रकमांवर: युनिटचा दर, मोटारीचं बिल, टँकरची वाटणी, गळक्या छताचा खर्च, भिंतीवरचे खिळे. मोठ्या फ्लॅटमध्ये या रकमा भाड्यापुढे किरकोळ असतात. चार हजारांच्या खोलीत मे महिन्याचं नऊशे-हजार लाइट बिल म्हणजे भाड्याचा चौथा हिस्सा. त्यामुळे मी करारापासून सुरुवात करत नाही, मीटरपासून करतो.

महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत सगळ्यांत स्वस्त, १०१ ते ३०० ला दर जवळपास दुप्पट, मग ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर आणखी महाग. चार बिऱ्हाडं एका मीटरवर असली की सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. समजा मे महिन्यात मुख्य मीटरवर ४२० युनिट पडले आणि बिल ५,४६० आलं. सरासरी १३ रुपये युनिट. ज्या बिऱ्हाडाने फक्त ७० युनिट जाळले, त्याला ९१० रुपये द्यावे लागतात. तेच ७० युनिट त्याच्या स्वतःच्या मीटरवर पहिल्याच टप्प्यात राहिले असते. म्हणजे तुम्ही एक पैसाही जास्त घेतला नाही तरी त्याचं नुकसान होतंच, आणि शेजारच्या गल्लीत वेगळ्या मीटरवर राहणाऱ्या भावाचं बिल पाहिलं की त्याला वाटतं मालक खातोय.

यावर खरा उपाय म्हणजे प्रत्येक खोलीला महावितरणचं स्वतंत्र मीटर. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे वीजजोडणी मालकाला तशीच तिथे राहणाऱ्यालाही मागता येते. मालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. व्यवहारात मात्र मालकाने आपल्या नावावर मीटर घेऊन देणं सोपं पडतं. खोली वेगळी आहे आणि तिथे वेगळं बिऱ्हाड आहे हे दाखवावं लागतं, तिथे नोंदणी केलेला भाडेकरार कामाला येतो. मीटर तुमच्या नावावर असलं तर थकबाकी तुमच्याच गळ्यात राहते, म्हणून महिन्याच्या महिन्याला ॲपवर बिल भरलंय का ते पाहायचं.

ते होईपर्यंत सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे प्रत्येक खोलीसाठी आपणच बसवलेला छोटा मीटर. इथे तीन चुका सर्रास होतात.

पहिली, ठोक दर. "आमच्याकडे पंधरा रुपये युनिट" असं सांगून मोकळे होतात. वीज विकून नफा कमवायचा परवाना घरमालकाला नाही. दर महिन्याला बिलाची एकूण रक्कम भागिले बिलावरचे युनिट, जो आकडा येईल तोच दर. बिलाचा फोटो आणि सगळ्या सबमीटरचे फोटो एकाच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. बिलात मागची थकबाकी किंवा दंड असेल तर तो वजा करूनच भागाकार करा, तो भाडेकरूचा नाही.

दुसरी, हरवलेले युनिट. वरच्या उदाहरणात सबमीटर धरून बेरीज ४०० आली, बिलावर ४२०. हे २० युनिट पाण्याची मोटार, जिन्यातला दिवा, दारावरचा बल्ब यांचे. ते मालकाने एकट्याने सोसावेत किंवा सगळ्यांनी वाटून घ्यावेत, दोन्ही चालेल, पण आधी ठरवा. काही घरांत फरक ६०-७० युनिटपर्यंत जातो. तेव्हा वायरिंग तपासा. एका खोलीचा एमसीबी (बोर्डवरची फ्यूजऐवजी असलेली कळ) खाली पाडा आणि घरात आणखी काय बंद पडतं ते बघत फिरा. जिन्यातला दिवा किंवा मोटार कुणाच्या तरी सबमीटरवर जोडलेली सापडते. वायरमनने जवळची वायर दिसली तिथे जोडलेली असते, आणि भाडेकरू तीन वर्षं सगळ्या वाड्याला पाणी चढवत असतो.

तिसरी, सबमीटरच चुकीचा. तपासणी अवघड नाही. मीटरच्या पाटीवर 'इम्पल्स' चा आकडा छापलेला असतो, बहुधा ३२०० प्रति युनिट. खोलीतलं सगळं बंद करा. लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर वीज कुठेतरी गळतेय किंवा दुसरं काही जोडलेलं आहे. मग पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत टाकून सहा मिनिटं चालवा. ०.१ युनिट म्हणजे ३२० लुकलुक झाली पाहिजे. सहा मिनिटं मोजत बसायचं नसेल तर एका मिनिटात ५३ च्या आसपास. व्होल्टेज कमी-जास्त असतं, त्यामुळे दहा टक्के इकडे-तिकडे सोडून द्या. इस्त्री यासाठी वापरू नका, ती मधेच आपोआप बंद होते. हे भाडेकरूच्या समोर, तो राहायला येईल त्या दिवशी केलं की वर्षभर मीटरवर कुणी शंका घेत नाही.

मे महिन्यात बिल का फुगतं हेही आधी सांगून ठेवा. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला की दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०. खान्देशात ४४-४५ अंशांत कूलर ही चैन नाही, त्यामुळे 'कूलर लावायचा नाही' ही अट घालणारा मालक मला पटत नाही. पण कूलरबाबतचा खरा मुद्दा बिलापलीकडचा आहे: अर्थिंग. लोखंडी बॉडीचा कूलर, खाली ओली फरशी, आणि थ्री-पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, अशा कितीतरी भाड्याच्या खोल्या आहेत. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. प्रत्येक खोलीच्या सॉकेटला अर्थिंगची वायर पोचते का ते वायरमनकडून बघून घ्या आणि मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अंगातून किंवा जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, तो फक्त वायर जळू देत नाही. दोन्ही एकच समजून अनेक जण निर्धास्त असतात. हा खर्च मालकाचा, यात वाटणी नाही. भाडेकरूने पाळायचं ते एवढंच: पाणी भरताना कूलरची पिन काढायची, नुसतं बटण बंद करायचं नाही.

आता पाणी. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, भुसावळला तापीचं. नळ रोज येत नाही हे इथे कुणाला सांगायला नको. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुमच्या घरची पाच आणि भाडेकरूंची दहा अशी पंधरा माणसं, पाणी तिसऱ्या दिवशी येतं असं धरलं, तर १५ × १३५ × ३ म्हणजे ६,०७५ लिटर साठा हवा. गच्चीवर हजाराची एक टाकी आणि खाली छोटा हौद असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडण ठरलेलंच, तिथे स्वभाव कितीही चांगले असोत. खोली भाड्याने द्यायच्या आधी हा गुणाकार करा. साठा कमी पडत असेल तर माणसं कमी घ्या किंवा टाकी वाढवा.

टँकर आणावा लागला तर खर्च डोक्यांवर वाटा, खोल्यांवर नाही. तीन विद्यार्थ्यांची खोली आणि नवरा-बायको यांनी सारखेच पैसे द्यायचे हे बरोबर नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एखादं बिऱ्हाड आठ-दहा दिवस गावी गेलं असेल तर त्या दिवसांच्या टँकरमधून त्यांना वगळा. रक्कम शंभर-दीडशेची असते, पण न वगळल्याचा राग वर्षभर टिकतो. मोटार कधी लावायची आणि कोणी बंद करायची हे ठरवा, नाहीतर टाकी वाहते आणि नाव कुणाचंच नसतं.

दुरुस्तीबाबत कायदा काय म्हणतो ते मालकांनाही ठाऊक नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, लागू ३१ मार्च २००० पासून. कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, वाजवी वेळ थांबावं, आणि तरीही काही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा. मर्यादा अशी की वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. चार हजार भाडं असेल तर वर्षाचे ४८,०००, त्याचा चौथा हिस्सा १२,०००. बहुतेक जण नोटीस न देता आधी प्लंबर बोलावतात आणि मग भाडं कापतात. मालकाच्या नजरेत ते थकबाकीदार ठरतात, आणि दाखवायला कागद नसतो. नोटीस म्हणजे वकीलच लागतो असं नाही. साध्या कागदावर तारीख घालून, काय बिघडलंय ते लिहून, स्पीड पोस्टने पाठवली आणि पावती जपली तरी काम होतं.

या कलमात एक गोम आहे: 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' असे शब्द त्यात आहेत. छापील करारात "सर्व दुरुस्त्या भाडेकरूने करायच्या" अशी ओळ असते, तीवर सही केली की हा हक्क बराचसा गेला. भाडेकरूंनी ती ओळ शोधून खोडायला सांगावी. तिच्या जागी असं लिहा: छत, भिंती, ड्रेनेज, पाण्याची मुख्य लाइन, भिंतीतलं वायरिंग मालकाकडे, बल्ब, नळाचा वायसर, कडी-कोयंडा, फुटलेली काच भाडेकरूकडे. तुंबलेली मोरी हा कायमचा वादाचा मुद्दा. जाळीपर्यंत केस किंवा खरकटं अडकलं असेल तर भाडेकरूचं, चेंबरच्या पुढे तुंबलं असेल तर मालकाचं. प्लंबरला स्प्रिंग कुठे अडकली एवढंच विचारायचं.

छताचं काम मे अखेरपर्यंत उरका. गच्चीवरच्या भेगा भरायच्या, पाणी जायच्या पाइपांतला पाला काढायचा. जुन्या गावठाणात अजून धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं भाड्याने जातात; तिथे पावसाआधी माती टाकणं हा मालकाचा खर्च आहे, 'तुम्हीच राहता, तुम्हीच टाका' हे चालत नाही. गच्चीखालच्या खोलीला मार्चमध्ये वरून चुन्याचा पांढरा हात दिला तर खोलीची तगमग कमी होते. पत्र्याच्या खोलीचं भाडं स्लॅबच्या खोलीएवढं लावू नये, हे माझं सरळ मत. एप्रिलपासून जूनपर्यंत दुपारी त्या खोलीत कुणी बसूच शकत नाही.

डिपॉझिटकडे येऊ. सध्या फिरणाऱ्या मेसेजमध्ये 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा' असं ठासून सांगतात. दोन महिन्यांची ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या नमुन्यातली आहे, आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो नमुना लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तरी चार हजारांच्या खोलीला दोन महिन्यांचं डिपॉझिट पुरेसं आहे. त्यात एका महिन्याचं थकलेलं भाडं, एक लाइट बिल आणि किरकोळ मोडतोड बसते. त्याहून जास्त मागितलं की कामगार माणूस ते व्याजाने आणतो, आणि मग पहिल्या तीन महिन्यांचं भाडं अडकतं.

भांडण रकमेपेक्षा कापण्यावर होतं. खोली ताब्यात देताना एक पान भरा: भिंतींची अवस्था, पंखे किती आणि चालतात का, नळ, कड्या, बेसिन, खिडकीच्या काचा, किल्ल्या किती, सबमीटरचा आकडा. सोबत फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ, चारही भिंती आणि छत दिसेल असा, आणि तो लगेच एकमेकांना पाठवायचा. सोडताना तेच पान हातात घेऊन फिरायचं.

हिशोब कसा दिसला पाहिजे ते पाहा. डिपॉझिट ८,०००. सबमीटरचा मागचा आकडा ३,३६५, आज ३,४१२; ४७ युनिट गुणिले १३, म्हणजे ६११. बेसिनला तडा, नवीन बसवल्याची पावती ६५०. परत द्यायचे ८,००० वजा १,२६१, बरोबर ६,७३९. किल्ली हातात आली की त्याच वेळी यूपीआयने. 'दोन-तीन दिवसांत देतो' हे वाक्य वापरू नका; माणूस बोदवडला किंवा शहाद्याला गेला की तो त्या पैशासाठी पुन्हा तिकीट काढून येणार आहे. कायद्यात डिपॉझिट परतीची मुदत लिहिलेली नाही, म्हणून ती करारात लिहायची.

रंगाचे पैसे सरसकट कापणं ही सगळ्यांत रूढ झालेली लबाडी. राहिल्याने रंग मळतोच, ते नुकसान नव्हे. रंगाचं आयुष्य तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने धरा. कुणी ११ महिन्यांत भिंती खरोखर खराब केल्या, चुलीचा धूर, तेलाचे ओघळ, तर रंगाच्या ६,००० खर्चातले उरलेल्या २५ महिन्यांचे, म्हणजे ६,००० × २५/३६, सुमारे ४,१६७ मागता येतील. तीन वर्षं राहिलेल्या बिऱ्हाडाकडून शून्य. खिळ्याची चार भोकं कुणी मोजत बसू नये.

भाडेकरूंच्या बाजूनेही एक खोड आहे: शेवटचे दोन महिने भाडं न देता 'डिपॉझिटमधून कापा' असा मेसेज टाकायचा. मग लाइट बिल आणि तुटलेला पंखा मालकाच्या अंगावर पडतो. डिपॉझिट म्हणजे आगाऊ भाडं नव्हे, हे करारात स्पष्ट लिहा, आणि सोडायची सूचना दोन्ही बाजूंनी एक महिन्याची ठेवा.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. धुळ्याचं देवपूर असो की विद्यापीठाजवळचं बांभोरी, मुलं जून-जुलैत येतात आणि परीक्षा झाली की जातात. बारा महिन्यांचं पूर्ण भाडं घेणारे मालक सुट्टीत तीच खोली दुसऱ्याला देतात. एका खोलीचं दोनदा भाडं झालं. सामान खोलीत असेल आणि खोली राखून ठेवायची असेल तर सुट्टीच्या महिन्यांचं अर्धं भाडं हा दोघांना परवडणारा तोडगा. करार खोलीवर करा आणि तिघांची नावं घाला. एक मुलगा मधेच गेला तर उरलेल्या दोघांनी किती द्यायचे, नवा मुलगा कोणाच्या संमतीने येणार, हे लिहा. इथेच पुढचा तंटा असतो.

आता वडिलांचं म्हणणं. "कागद केला की माणूस डोक्यावर बसतो" यातलं सत्य नेमकं उलटं आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देणारा करार), तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक ते खोटं सिद्ध करेपर्यंत. थोडक्यात, कागद नसला तर डोक्यावर बसायला जागा मिळते. उलट नोंदणी केलेलं लिव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून राहत्या जागेचा ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाईही.

मुद्रांकावर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, हा मोठा गैरसमज. नोटरी सही ओळखतो, नोंदणी दुय्यम निबंधकाकडे किंवा राज्याच्या ई-रजिस्ट्रेशनवर होते. तिथे आधार आणि अंगठ्याने घरी बसून काम होतं.

'बारा वर्षं राहिला की घर त्याच्या नावावर' ही भीतीही काढून टाका. मालकाच्या परवानगीने, भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी ताबा होत नाही. भाड्याची पावती हाच त्याचा पुरावा, आणि ती देणं कलम ३१ प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे. पावती न देणारा मालक स्वतःचाच पुरावा पुसत असतो. यूपीआयने भाडं येत असेल तर शेऱ्यात 'खोली भाडे, जून' एवढं लिहायला सांगा.

खर्चाचं म्हणाल तर ४,००० भाडं, ८,००० डिपॉझिट, ११ महिने. भाड्याचे ४४,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे ७३३, बेरीज ४४,७३३. मुद्रांक शुल्क त्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे ११२ च्या आसपास, गोळाबेरजेत थोडं वर जाईल. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. वर ऑनलाइन हाताळणी आणि एजंटचे पैसे. खर्च निम्मा-निम्मा घ्या.

पण ११ महिनेच का? एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून ती टाळायला ही ११ महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे तशीही नोंदणी करायचीच आहे, मग दरवर्षी हजार रुपये फी कशाला? लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. तीन वर्षांचा करार करा, दरवर्षी ५ टक्के वाढ त्यातच लिहा: ४,०००, मग ४,२००, मग ४,४१०. मुद्रांक चारशेच्या आत-बाहेर, नोंदणी फी एकदाच. लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूचं कायद्याचं संरक्षण बरंच कमी होतं, हे मान्य केलं पाहिजे. ते भरून काढायला मालकाने पहिले १८ महिने कारणाशिवाय खाली करायला सांगायचं नाही, अशी ओळ घाला. पोरं शाळेत असलेल्या बिऱ्हाडाला त्या एका ओळीची किंमत दोनशे रुपये कमी भाड्यापेक्षा जास्त असते.

लिव्ह अँड लायसन्स नसून जुनी भाडेकरी असेल तर वाढ मनाला येईल तशी नाही. कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के. इथे अन्यायाची दिशा फिरते, हेही बोललं पाहिजे. जुन्या पेठांमध्ये २००० साली २०० रुपये असलेलं भाडं दरवर्षी चक्रवाढीने ४ टक्के वाढवलं तरी २५ वर्षांनी ५३३ होतं. त्यात घरपट्टी निघत नाही, मग मालक छताला हात लावत नाही, घर पडायला येतं आणि दोघंही त्याखाली राहतात. अशा घरात भाडेकरूंनी दुरुस्तीत स्वखुशीने वाटा उचलणं आणि मालकाने तो लेखी मान्य करणं, हाच चालणारा मार्ग दिसतो. मालकाने गेल्या काही वर्षांची वाढ कधी मागितलीच नसेल, तर आता एकदम मागण्यापेक्षा हप्ते पाडून घ्यावी.

भाडं थकलं तर पाणी तोडणं, फ्यूज काढून नेणं, कुलूप घालणं यातलं काहीही करू नका. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडता येत नाहीत. भाडेकरू न्यायालयातून त्या पुन्हा सुरू करून घेतो आणि तुमची बाजू पहिल्याच दिवशी पडते. भाडेकरी असेल तर थकबाकीची लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं, मगच दावा. मुंबई-पुण्यासारखं लघुवाद न्यायालय नसलेल्या ठिकाणी तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळव्याज आणि खर्च न्यायालयात भरला तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. 'मुलाचं लग्न आहे, खोली लागते' हे कारणही कायद्यात आहे, पण ते खरं असावं लागतं: ताबा घेऊन महिनाभरात स्वतः राहायला न गेल्यास, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिल्यास, जुना भाडेकरू न्यायालयाकडे जागा परत मागू शकतो. मालक भाडं घ्यायलाच नकार देत असेल, थकबाकीदार दाखवायची ती जुनी खेळी आहे, तर भाडेकरूने मनिऑर्डर करावी. 'नाकारली' असा शेरा येऊन परत आलेली पावती फाईलला लावावी.

हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. हद्दीबाहेरच्या खेड्यातल्या खोल्यांना तो लागू आहे का, हे आधी पाहावं.

भाडेकरू निवडताना आडनाव विचारून 'खोली भरली' म्हणणं आपल्याकडे अजून चालतं. नंदुरबार-धडगावकडची आदिवासी मुलं, एकट्या राहणाऱ्या नर्सबाई, मुसलमान कुटुंबं यांना तेच उत्तर आणि तीच खोली पुढे आठवडाभर रिकामी. तुम्हाला खरी माहिती हवी ती वेगळी आहे: माणसं किती, काम कुठे, पगार कितव्या तारखेला, आधीच्या मालकाने डिपॉझिट का कापलं. ती सगळ्यांना सारखी विचारा. ओळखपत्राच्या झेरॉक्सवर 'फक्त भाडेकरारासाठी' आणि तारीख लिहून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरता येते, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर ती भरावीच लागते.

प्रकरण चिघळलंच तर थेट दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दाखलपूर्व तडजोड होते, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो. तुमच्या दोन्ही कामगार बिऱ्हाडांना हे लागू पडेल. ते त्यांना सांगून ठेवलंत तरी बिघडत नाही.

आत्ता जी खोली रिकामी आहे तिच्यापासून सुरुवात करा. पावसाआधी गच्ची, मग अर्थिंग आणि आरसीसीबी, मग रॉड लावून सबमीटरची तपासणी, त्यानंतर करार. जूनमध्ये नवा भाडेकरू आला की पान भरून, व्हिडिओ काढून किल्ली द्या. बाकीच्या तीन बिऱ्हाडांना त्याच आठवड्यात तेच पान भरायला द्या. त्यांच्या भिंती आज जशा आहेत तशाच लिहा, मागचा हिशोब उकरू नका.